पावडरचं दूध: एक स्कूप 30 मिलीला की 60 ला? आणि पाणी कोमट की कडक गरम?

मांजराकाठ

लातूरहून विचारतोय. बाळ सात आठवड्यांचं आहे, पूर्ण दिवसांचं, वजन 4.2 किलो. आईला सुरू झालेल्या औषधांमुळे अंगावर पाजणं थांबवावं लागलं. डॉक्टरांनी स्टेज 1 ची पावडर लिहून दिली, त्याला दहा दिवस झाले. घरात दूध तिघं जण बनवतात आणि तिघांची पद्धत वेगळी. म्हणून एकदा नीट समजून घ्यायचं आहे.

इथल्या मेडिकलमधून आणलेल्या डब्यावर 30 मिलीला एक स्कूप लिहिलंय. बाळाची आत्या न्यू जर्सीहून दोन डबे घेऊन आली, त्यावर 60 मिलीला एक. दोन्ही डबे उघडलेत, दोन्ही स्कूप धुऊन एकाच डबीत ठेवतो. आजी 'दूध जड होतं' म्हणून बहुतेक वेळा 60 लाच एक टाकते. मावशी आधी पावडर टाकते आणि मग बाटलीवरच्या रेघेपर्यंत पाणी भरते.

पाणी: बोअरचं, घरी आरओ लावलेला आहे, कधी जार मागवतो. डब्यावर 'उकळून कोमट केलेलं पाणी' लिहिलंय, पण नेटवर 70 अंश वाचलं.

उरलेलं दूध तासा-दोन तासांनी गरम करून परत दिलेलं चालतं का? बाटल्या उकळल्यावर आतून पांढरा थर धरतो, तो दुधाचा की पाण्याचा? आणि शी दोन दिवसांनी होते, घट्ट, हिरवट. पाजताना दूध ओठांच्या कडेने सांडतं आणि नंतर पोट फुगतं.

दुपटं

बाकी सगळं नंतर, आधी स्कूप. ते दोन स्कूप एकाच डबीत ठेवणं आजपासून बंद करा.

इथल्या बहुतेक डब्यांत छोटा स्कूप येतो, साधारण साडेचार ग्रॅमचा, तो 30 मिलीसाठी. अमेरिकी डब्यात जवळपास दुप्पट, साडेआठ-पावणेनऊ ग्रॅमचा येतो, तो 60 मिलीसाठी. आपापल्या डब्यात दोन्ही बरोबरच आहेत. तयार दूध दोन्हीकडे सारखंच निघतं, 100 मिलीत साधारण 67 कॅलरी. गडबड होते ती अदलाबदलीत. छोटा स्कूप 60 मिलीत टाकला की दूध निम्म्या ताकदीचं होतं. मोठा स्कूप 30 मिलीत टाकला की दुप्पट घट्ट.

पातळ दुधाचा धोका फक्त उपाशी राहण्याचा नाही. एवढ्या लहान बाळाच्या मूत्रपिंडाला जादा पाणी पटकन बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ सुस्त पडतं, अंग गार लागतं, तोंडावर सूज दिसते आणि शेवटी आकडी येऊ शकते. घट्ट दुधात उलटं होतं: सोडियम चढतं, शरीरातलं पाणी कमी पडतं, शी खडा होते. तुमच्याकडे दोन्ही चुका आलटून-पालटून होण्याची सोय झालेली दिसते. त्यामुळे घाबरू नका, पण आजच बाळाला डॉक्टरांकडे नेऊन वजन करून घ्या आणि 'दहा दिवस काही वेळा निम्म्या ताकदीचं दूध गेलं' हे याच शब्दांत सांगा. सोडियम तपासायचं का ते डॉक्टर ठरवतील. बाळ उठवूनही उठत नसेल, हातपाय झटकत असेल, किंवा सहा-आठ तासांत शू झालेली नसेल तर वेळ घेऊन थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

डबे दोन चालू ठेवू नका. इथे कायम मिळणारा ठेवा. अमेरिकी डब्याला त्याचाच स्कूप आत टाकून झाकण लावा आणि वर मार्करने लिहा: '1 स्कूप = 60 मिली'. वापरायचाच असेल तर पहिला संपल्यावर.

आता बनवायची पद्धत. पाणी आधी, पावडर नंतर, कधीच उलटं नाही. बाटली ओट्यावर ठेवा, हातात धरून नव्हे, आणि डोळा रेघेच्या पातळीला आणून 90 मिली पाणी मोजा. मग तीन सपाट स्कूप. सपाट म्हणजे स्कूप भरून डब्याच्या कडेला किंवा स्वच्छ सुरीच्या पाठीने वरची पावडर सारायची. दाबून भरायचं नाही, आपटून बसवायचं नाही. दाबलेल्या स्कूपात पावडर बरीच जास्त मावते. तीन स्कूप पडल्यावर बाटलीवर 100 च्या आसपास दिसेल, ते बरोबर आहे, कारण पावडर जागा घेते. मावशींच्या पद्धतीत घोटाळा तोच होतो: पावडर आधी पडली की 90 च्या रेघेपर्यंत पाणी 80 च मावतं आणि दूध घट्ट होतं. मापं 60, 90, 120 अशीच ठेवा. 'साडेतीन स्कूप' हा प्रकार नको, अर्धा स्कूप कुणाचाच अर्धा नसतो.

किती द्यायचं: पहिल्या सहा महिन्यांत साधारण 150 मिली गुणिले वजन. 4.2 × 150 = 630 मिली दिवसाला. सात वेळा पाजलं तर वेळेला 90. कुणी बाळ 130 वर खूश असतं, कुणाला 170 लागतं. आकडा हा अंदाज आहे, बाळ पोटभर झालं की थांबतं ते खरं माप.

यावरून घरच्या घरी एक पडताळा करता येतो. 630 मिली म्हणजे रोजचे 21 छोटे स्कूप, म्हणजे 95 ग्रॅमच्या आसपास. 400 ग्रॅमचा डबा चार-सव्वाचार दिवसांत संपायला हवा. तोच डबा सात-आठ दिवस पुरत असेल तर एक तर बाळ कमी पितंय, नाही तर दूध पातळ होतंय. पैसे वाचवायला घरात कुणी नकळत हात आखडता घेत असेल तर तेही इथे उघडं पडतं. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा म्हणजे झालं.

तांब्याभर_पाणी

पाण्याबद्दल लिहितो, दुपटं यांनी दुधाचं नीट सांगितलंय.

पावडर निर्जंतुक नसते, ही गोष्ट डब्याच्या चकचकीत सीलमुळे कुणाच्या लक्षात येत नाही. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी कोरड्या पावडरीत क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू तग धरू शकतो. क्वचित आढळतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या, कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला रक्तातला संसर्ग आणि मेंदूज्वर देऊ शकतो. कोमट पाणी त्याला मारत नाही, उलट वाढायला मदत करतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 च्या मार्गदर्शनात पाणी 70 अंशांखाली नको असं सांगितलं. त्या तापमानाला पावडरीतले जिवाणू मरतात. पाणी 'उकळलेलं' असणं आणि मिसळताना 'गरम' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उकळण्याने पाणी शुद्ध होतं, गरम असण्याने पावडर.

बऱ्याच डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, कारण काही पावडरींत प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी चांगले समजले जाणारे जिवंत जिवाणू, घातलेलं असतं आणि 70 अंशांना तेही मरतं. सात आठवड्यांच्या बाळाला प्रोबायोटिक मेलं तर फार बिघडत नाही, क्रोनोबॅक्टर जिवंत राहिला तर बिघडतं. माझं मत 70 च्या बाजूला आहे. तुमच्या डॉक्टरांना डबा दाखवून एकदा विचारून घ्या.

प्रत्यक्षात: पाणी खळखळून उकळू द्या, एक मिनिट तसंच ठेवा, गॅस बंद करा, झाकण ठेवा. लिटरभर पाणी असेल तर अर्ध्या तासाच्या आत वापरा. पाव लिटर असेल तर ते फार लवकर उतरतं, सात-आठ मिनिटांत बघायला लागा. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या, अंदाजाची गरज राहत नाही. आणखी एक: भांड्यात बरोबर 70 असलेलं पाणी गार बाटलीत ओतलं की लगेच काही अंश खाली येतं. म्हणून 75-80 ला ओता. उकळतं पाणी थेट पावडरीवर नको, गुठळ्या होतात.

पावडर टाकून झाकण लावा आणि बाटली हातात गोल फिरवा. कॉकटेलसारखी हलवलीत की फेस होतो, तो फेस बाळाच्या पोटात जातो, आणि तुमच्या फुगलेल्या पोटाचं एक कारण हेही असू शकतं. मग बाटली गार पाण्याच्या पातेल्यात, पाणी टोपणाच्या खाली राहील एवढं. तीन-चार मिनिटांत पाजण्याजोगं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाका: गरम नाही, गार नाही, जाणवत नाही असं हवं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मध्येच चटका बसेल इतकी गरम जागा राहते.

बोअरचं पाणी. मराठवाड्यात आणि विदर्भात बऱ्याच ठिकाणी भूजलात नायट्रेट जास्त निघतं, काही तालुक्यांत फ्लोराइडही. नायट्रेट लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं, बाळ निळसर पडतं. भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही. लक्षात घ्या, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतं. नुसता यूव्ही किंवा कार्बनचा फिल्टर असेल तर त्यानेही जात नाही. आरओने बहुतांश जातं, पण त्यातली गाळणारी पडदी (मेंब्रेन) वेळेवर बदलली असेल तरच. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देऊन बोअरचं आणि आरओचं अशी दोन्ही पाणी तपासून घ्या. थंड पाण्याच्या जारवर आयएसआय खूण नसेल तर ते पाणी कुठून भरलं हे कुणालाच माहीत नसतं, बाळासाठी नको. बाटलीबंद 'मिनरल वॉटर'मध्ये खऱ्या अर्थाने खनिजं असतील तर सोडियम जास्त असू शकतं. तुमच्याकडे चांगला आरओ आहे, तेच पाणी उकळून वापरा.

मांजराकाठ

स्कूपचं वाचून लगेच दोन्ही डबे वेगळे केले. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आलो. दहा दिवसांत वजन फक्त 90 ग्रॅम वाढलंय. सोडियम तपासलं, खालच्या मर्यादेवर आहे पण ठीक. डॉक्टरांनी योग्य मापाने सुरू ठेवा आणि चार दिवसांनी परत या म्हणाले. 70 अंशांनाही हरकत नाही म्हणाले.

बाटली सोडून वाटी-चमच्याने द्या असंही सुचवलं. ते एवढ्या लहान बाळाला जमतं का? ठसका लागणार नाही?

बोंडलं

जमतं, आणि नीट केलं तर बाटलीपेक्षा सुरक्षित आहे. भारतातले बालरोगतज्ज्ञ बाटलीपेक्षा वाटीचा आग्रह धरतात त्याचं कारण साधं आहे: वाटी धुता येते. बाटलीला निपल, कडं, टोपण, कधी आत हवेची नळी आणि पडदा असे चार-सहा भाग असतात, आणि प्रत्येकाच्या खाचेत दूध अडकतं. वाटी, चमचा किंवा बोंडलं एका तुकड्याचं असतं. दहा मिनिटं उकळलं की काम झालं. बोंडल्याची चोच अरुंद असेल तर मात्र बारीक ब्रशने आतून घासा, तिथे साय चिकटते.

पाजताना बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान आणि पाठ एका हातावर. हात दुपट्यात गुंडाळून घेतले तर वाटीला धक्का लागत नाही. वाटी खालच्या ओठावर टेकवा, दूध वरच्या ओठाला फक्त लागेल इतकी कलती करा आणि थांबा. बाळ जिभेने ओढून घेतं. चमचा किंवा बोंडलं वापरत असाल तर गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, गिळलेलं दिसल्यावरच पुढचं. ठसका लागतो तो घशात ओतल्यामुळे आणि बाळ आडवं असल्यामुळे. रडत्या बाळाच्या उघड्या तोंडात कधीही ओतू नका. झोपेत तर मुळीच नाही.

सुरुवातीला 90 मिलीला अर्धा तास लागेल, आणि थोडं सांडेल. छातीवर एक घडी केलेलं फडकं ठेवा आणि किती भिजलं याचा अंदाज घ्या, नाही तर 'सगळं प्यायला' असं वाटतं आणि प्रत्यक्षात 70 च गेलेलं असतं. चार-पाच दिवसांत बाळ सरावतं. रात्री एकट्याने जमत नसेल तर दिवसा वाटी आणि रात्री बाटली असं करायलाही हरकत नाही, पण मग बाटलीची स्वच्छता पूर्ण करावी लागेल.

आणखी एक विचारून ठेवा: आईची औषधं कायमची आहेत की काही आठवड्यांची? थोड्या काळाची असतील तर दिवसातून सात-आठ वेळा दूध पिळून काढून टाकत राहिलं तर अंगावरचं दूध आटत नाही आणि नंतर परत पाजता येतं. बरीच औषधं 'बंद करा' म्हणून सांगितली जातात आणि नीट तपासल्यावर चालणारी निघतात, म्हणून औषधाचं नाव घेऊन बालरोगतज्ज्ञांना वेगळं विचारणं योग्य. वाटीचा इथे दुसरा फायदा आहे. निपलमधून दूध आयतं येण्याची सवय लागलेलं बाळ अंगावर ओढायला कंटाळतं, वाटीवरचं बाळ परत वळवणं सोपं जातं.

दुपटं

बोंडलं यांच्याशी सहमत. पण बरीच घरं बाटलीवरच राहतात, म्हणून बाटलीचं नीट लिहून ठेवतो.

कडेने दूध सांडणं, घटाघट आवाज, बोटं ताठ पसरणं, भुवया वर जाणं: चारही खुणा एकच सांगतात, प्रवाह बाळाच्या गिळण्यापेक्षा जोरात आहे. बाटली उलटी धरा. दूध थेंब-थेंब, सेकंदाला एखादा पडायला हवं. धार लागत असेल तर निपल मोठं आहे, एस मापाचं किंवा 0 ते 3 महिने लिहिलेलं आणा. तापवलेल्या सुईने भोक मोठं करायची पद्धत अनेक घरांत आहे, ती सोडा. कडा फाटत जाते, भोक रोज वाढतं आणि रबराचा कपटा तोंडात जाऊ शकतो. उलट, निपल आत चिकटून चपटं होत असेल तर कडं फार घट्ट आवळलंय, पाव फेरा सैल करा म्हणजे हवा आत जाईल.

बाळाला उभट धरा, बाटली जवळजवळ आडवी, निपलचं टोक दुधाने भरलेलं राहील इतकीच कलती. अशाने बाळाला ओढावं लागतं, आपोआप घशात पडत नाही. 20-30 मिली झाले की बाटली खाली करून थोडा श्वास घेऊ द्या. 90 मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागावीत. पाच मिनिटांत संपली तर ते कौतुक नाही, प्रवाह जोरात आहे. मान फिरवली, ओठ मिटले, हात सैल सोडले की थांबा. 'शेवटचे दहा मिली' कोंबू नका, तेच गुळणीतून परत येतात. ढेकर खांद्यावर किंवा मांडीवर बसवून, हनुवटीला आधार देऊन काढा. दोन-तीन मिनिटांत नाही आली तर नाही, पाठ बडवत बसू नका. नंतर पंधरा मिनिटं उभं धरा, मग पाठीवर झोपवा. उशीला टेकवून बाटली तोंडात ठेवून निघून जाणं कधीही नको.

पाजायला सुरुवात केली की त्या क्षणापासून तासाभरात उरलेलं टाकून द्या. बाळाची लाळ निपलमधून बाटलीत जाते, आणि गोड, कोमट दुधात जिवाणू झपाट्याने वाढतात. परत गरम केल्याने त्यांनी सोडलेली विषं जात नाहीत. तोंड न लागलेलं ताजं दूध बाहेर जास्तीत जास्त दोन तास. लातूरच्या एप्रिल-मेमध्ये मी दोन तासही थांबणार नाही. करून ठेवायचंच असेल तर लगेच गार करून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, 5 अंशांखाली, 24 तासांच्या आत वापरायचं. लोडशेडिंगमध्ये फ्रिज किती वेळ बंद होता हे माहीत नसेल तर ते दूध ओतून द्या. उरतंय म्हणून वाईट वाटत असेल तर वेळेला 60 च बनवा आणि मागितलं तर आणखी 30.

धुण्याचं: पाजून झाल्याबरोबर सगळे भाग सुटे करा, आधी गार पाण्याने खळबळा. गरम पाण्याने सुरुवात केली की दुधातलं प्रथिन भाजल्यासारखं चिकटतं. मग साबण आणि ब्रश, निपल उलटं करून आतून, भोकातून पाणी दाबून काढा. मग वेगळ्या पातेल्यात सगळं पूर्ण बुडेल असं, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं. काचेची बाटली गार पाण्यात ठेवूनच तापवायला लावा. चिमट्याने काढा, जाळीवर उपडं ठेवा, फडक्याने पुसू नका. पुसलं की उकळल्याचा उपयोग गेला.

पांढरा थर तुमच्या पाण्याचा आहे, दुधाचा नाही. जड पाण्यातले क्षार. उकळायला आरओचं पाणी घ्या म्हणजे धरणार नाही. धरलेला काढायला पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू घालून अर्धा तास ठेवा, नीट धुवा, परत उकळा. दुधाचा थर असेल तर तो पिवळसर, हाताला बुळबुळीत लागतो आणि वास येतो. तसा दिसला तर ब्रश बदला. निपल चिकट, फुगलेलं किंवा चिरलेलं वाटलं की टाका, तसंही दीड-दोन महिन्यांवर ठेवू नका.

औषधपेटी

शीबद्दल. पावडरीच्या दुधावर हिरवट किंवा पिवळट-तपकिरी, अंगावरच्या दुधापेक्षा घट्ट शी होणं नेहमीचं आहे. हिरवटपणा बऱ्याचदा त्यातल्या लोहामुळे असतो. दोन दिवसांनी होणारी पण मऊ शी म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे. सुक्या खड्यासारखी असेल तर पहिली शंका मापाची, आणि तुमच्याकडे ते सापडलंच आहे. आठवडाभर बरोबर मापाने देऊन बघा. तोवर डबा बदलू नका. दर चार दिवसांनी नवी कंपनी करून पाहणाऱ्या घरांत नेमकं कशाने काय झालं हे कळेनासं होतं. 'लॅक्टोज नसलेली' किंवा सोयाची पावडर स्वतःहून आणू नका, त्यांची कारणं वेगळी आहेत. शीत रक्त किंवा चिकट आव दिसली तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. पांढरट, राखाडी, खडूसारखी शी आणि डोळे पिवळे असतील तर एक दिवसही थांबू नका, यकृताच्या पित्तनळीचा आजार असेल तर तिथे आठवडे महत्त्वाचे असतात.

हिरवी उलटी, लांब उडणारी उलटी, 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप: तीन महिन्यांच्या आत हे तिन्ही लगेच दवाखान्याचे विषय. रोज सहा-सात लंगोट ओले होतायत का ते मोजत राहा, आणि वजन दिवसाला 20 ते 30 ग्रॅमने वाढायला हवं. दहा दिवसांत 90 ग्रॅम कमीच आहे, पण माप सुधारल्यावर चार दिवसांतच फरक दिसायला लागेल.

ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज 400 आययू, वर्षाचं होईपर्यंत. सुरू नसतील तर विचारा. बाजारात 1 मिलीत 400 आणि 1 मिलीत 800 अशा दोन्ही बाटल्या मिळतात, बदलून आणली तर लेबल वाचून माप बदला.

जे आजीला प्रेमाने समजवावं लागेल: वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत दूधच थोडं जास्त वेळा द्या. मध नको, वर्षाच्या आत त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. बाटलीत साखर, बिस्कीट, नाचणीचं सत्त्व काही नको. आणि 'पावडर परवडत नाही, गाईचं दूध पाणी घालून देऊ' हा विचार कुणी मांडला तर थांबवा. त्यात लोह फार कमी, प्रथिन आणि क्षार जास्त, आणि पातळ केलं की पोषणही जातं.

डबा आणताना: स्टेज 1 म्हणजे सहा महिन्यांपर्यंत, स्टेज 2 त्यानंतर. आयएसआय खूण, तारीख आणि आतलं सील बघा. 1992 च्या कायद्याने बाळाचं किंवा आईचं चित्र डब्यावर छापायला, नमुने वाटायला आणि सवलत द्यायला आपल्याकडे बंदी आहे. गोंडस बाळाचं चित्र असलेला डबा दिसला तर तो नियमित मार्गाने आलेला नाही एवढं समजा. बाटलीवरही आयएसआय खूण हवी. उघडलेला डबा फ्रिजमध्ये नको, कोरड्या जागी, आणि तीन-चार आठवड्यांत संपवा. ओला स्कूप आत गेला की गुठळ्या होतात, म्हणून धुतलेला स्कूप पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात टाकू नका.

मांजराकाठ

सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलंय. चार दिवसांत 110 ग्रॅम वाढलं, शी मऊ झाली. वाटीने दिवसा घेतो आता, 90 ला वीस-बावीस मिनिटं लागतात.

शेवटचं एक. पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी पुण्याला जायचंय, गाडीने सात-आठ तास. बनवून न्यायचं की वाटेत बनवायचं?

तांब्याभर_पाणी

वाटेत. बनवलेलं दूध गाडीच्या उष्णतेत नेऊ नका.

स्टीलचा चांगला थर्मास घ्या. आधी उकळत्या पाण्याने आतून शेकवा, ते पाणी ओता, मग उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर गार होतो. जायच्या आधी घरी एकदा भरून आठ तासांनी थर्मामीटर लावून बघा. 70 च्या वर राहत नसेल तर दुसरा घ्या किंवा मधल्या थांब्यावर नवीन पाणी समोर उकळून घ्या. ढाब्यावरचं चहाच्या किटलीतलं पाणी नको.

पावडर तीन-तीन सपाट स्कूप अशी कोरड्या, उकळून वाळवलेल्या छोट्या डब्यांत घरूनच मोजून न्या. तीन वेळा लागेल असं धरा आणि एक डबी जास्त ठेवा, वाटेत कुठे अडकलात तर उपयोगी पडेल. मोजायला एक उकळलेली बाटली, पाजायला तेवढ्याच उकळलेल्या वाट्या-चमचे, प्रत्येक जोडी वेगळ्या झाकणाच्या डब्यात. गार करायला एक लिटर साधं पाणी आणि एक खोलगट स्टीलचा डबा. वापरलेली भांडी वेगळ्या पिशवीत ठेवा, वाटेत नुसती विसळून परत वापरू नका.

गाडी थांबवून पाजा. चालत्या गाडीत वाटी हलते आणि बाळ आडवं होतं, ठसका तिथेच लागतो. पंधरा मिनिटं उभं धरून मगच निघा.